व्याधी आणि माणूस : सुमित्रा भावे यांचे चित्रपट

वैद्यकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात रोग भेटतो. रोगी भेटतो तो दवाखान्यात. परंतु रोग झालेला माणूस ज्या घरात राहतो ते घर मात्र आपल्याला क्वचितच दिसते. दाराशी चपला काढून आत येणारा रुग्ण आपले घर बाहेर ठेवून येतो आणि चिठ्ठी घेऊन पुन्हा त्या घरात निघून जातो. औषध दिवसातून तीनदा कोण देणार, रात्री उशाशी कोण बसणार, शेजाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे कोण देणार, यांपैकी काहीही चिठ्ठीवर लिहिलेले नसते. आपल्या नजरेआड राहणारे हे घर पडद्यावर सातत्याने दाखविण्याचे काम मराठीत एका दिग्दर्शिकेने सुमारे पस्तीस वर्षे केले. त्या म्हणजे सुमित्रा भावे. १९ एप्रिल २०२१ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. करोनाच्या दुसऱ्या लाटेने आपण सारे तेव्हा इतके वेढलेले होतो की, त्या बातमीपाशी घटकाभर थांबण्याचीही सवड वैद्यकीय व्यावसायिकांना मिळाली नाही. ते राहून गेलेले स्मरण या स्मरणिकेच्या निमित्ताने करावे, असे वाटले.

धार आणि देवास येथील वाचकांपुढे पुण्याच्या दिग्दर्शिकेविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. मराठी चित्रपट आपल्या गावांतील चित्रपटगृहांत सहसा येत नाहीत. इंदूरला एखादा खेळ लागला तर देवासहून पस्तीस-चाळीस, धारहून साठेक किलोमीटरचा प्रवास करून जायचे, नाहीतर दूरदर्शन, तबकड्या आणि आता भ्रमणध्वनीचा पडदा यांवर भागवायचे, हीच माळव्यातील मराठी माणसाची चित्रपट पाहण्याची रीत आहे. तरीही हा विषय आपला आहे असे मी मानतो. आजारी माणूस आणि त्याची शुश्रूषा करणारे घर ही गोष्ट देवासला नवी नाही. १९४८ साली क्षयाने जर्जर झालेले कुमार गंधर्व कोरड्या हवेसाठी याच गावी आले. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतेच कोठे उपलब्ध होऊ लागले होते. गाणे बंद, बोलणेही मोजके, अशा त्या काळात पत्नी भानुमतीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानांवर माळव्यातील लोकगीते पडत राहिली. पुढे त्या आजारातून जे गाणे उभे राहिले, ते सर्वश्रुत आहे. औषधाने फुप्फुस सावरले. पण माणूस सावरला तो औषध, घर आणि गाणे या तिन्हींनी. सुमित्राबाईंचे चित्रपट हीच गोष्ट निरनिराळ्या व्याधींच्या संदर्भात सांगतात.

समाजकार्यातून चित्रपटाकडे

सुमित्राबाईंचा जन्म १२ जानेवारी १९४३ चा, पुण्याचा. त्यांनी राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र यांचा अभ्यास केला, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत ग्रामीण कल्याणाचे प्रशिक्षण घेतले आणि पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत अनेक वर्षे अध्यापन केले. चित्रपटाचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. झोपडपट्टीतील स्त्रियांच्या जीवनाविषयी संशोधन करीत असताना, हे निष्कर्ष ज्यांच्याविषयी आहेत त्या स्त्रियांपर्यंत छापील अहवालातून पोहोचणार कसे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. अक्षरओळख नसलेल्या बाईला स्वतःचे आयुष्य पाहता यावे म्हणून त्यांनी कॅमेऱ्याचा आधार घेतला. त्यातून १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट झाला आणि त्याला कुटुंबकल्याण विषयावरील राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८७ च्या ‘पाणी’ या लघुपटासही राष्ट्रीय सन्मान लाभला.

या सुरुवातीकडे डॉक्टरांनी लक्ष द्यावे असे मला वाटते. सुमित्राबाई चित्रपटाकडे वळल्या त्या संशोधकाच्या निकडीतून. आधी ऐकायचे, मग समजून घ्यायचे आणि शेवटी सांगायचे, हा क्रम त्यांनी पुढे कधी सोडला नाही. चांगल्या वैद्यकीय तपासणीचाही हाच क्रम आहे. आपल्या धावपळीत तो नेमका उलटा होतो.

पुण्याच्या चित्रपट संस्थेत शिकलेले सुनील सुकथनकर या वाटचालीत त्यांचे सहकारी झाले. ‘दोघी’ (१९९५) पासून या जोडीचे पूर्ण लांबीचे चित्रपट प्रेक्षकांसमोर येऊ लागले. लग्नाच्या दिवशीच अपघातात नवरदेव दगावल्यामुळे पांढऱ्या पायाची ठरविली गेलेली मुलगी आणि तिची धाकटी बहीण यांची ती कथा आहे. त्यानंतर ‘वास्तुपुरुष’, ‘दहावी फ’, ‘देवराई’, ‘नितळ’, ‘बाधा’, ‘एक कप च्या’, ‘संहिता’, ‘अस्तु’, ‘कासव’, ‘वेलकम होम’ अशी मोठी मालिका आहे. एच. आय. व्ही. या विषयावर ‘जिंदगी जिंदाबाद’ हा हिंदी चित्रपटही त्यांनी केला. ‘संहिता’च्या संगीतासाठी शैलेंद्र बर्वे आणि गायनासाठी आरती अंकलीकर-टिकेकर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ‘कासव’ला तर २०१६ या वर्षाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सुवर्णकमळ पुरस्कार लाभला. मराठीला तो फार थोड्या वेळा मिळालेला आहे.

या सर्व चित्रपटांचा परामर्श येथे घेणे शक्य नाही. वैद्यकाशी ज्यांचे थेट नाते आहे आणि जे मी पुनःपुन्हा पाहिले, तेवढ्यांविषयीच लिहितो.

‘देवराई’ : घराला झालेला आजार

‘देवराई’ (२००४) चा नायक शेष हा कोकणातील एक हुशार, संवेदनशील तरुण. गावाजवळची देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेले जंगल, हा त्याच्या मनाचा ध्यास आहे. हळूहळू तो ध्यास आणि वास्तव यांतील सीमारेषा पुसली जाते. त्याला स्किझोफ्रेनिया झालेला आहे. बहीण सीना त्याला शहरात आपल्या घरी आणते आणि मग भाऊ, नवरा, मूल व स्वतःचे मन यांच्या ओढाताणीत सापडते. अतुल कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी ही भावंडे उभी केली आहेत. चित्रपटामागे डॉ. जगन्नाथ वाणी यांची प्रेरणा होती. धुळे जिल्ह्यातून कॅनडातील कॅलगरी येथे जाऊन प्राध्यापक झालेल्या या गृहस्थांनी पत्नीच्या आजारपणात हा रोग घरात अनुभवला होता आणि त्याविषयी समाज जागा व्हावा म्हणून पुण्यात संस्था उभारली होती.

हा आजार शंभरातील जवळजवळ एका व्यक्तीला आयुष्यात केव्हातरी गाठतो. बहुधा तो पौगंडावस्थेच्या अखेरीस किंवा ऐन तारुण्यात सुरू होतो. कोणी नसताना आवाज ऐकू येणे, निराधार संशय बळावणे ही त्याची ठळक लक्षणे घरच्यांना घाबरवितात. परंतु मित्र सोडणे, आंघोळीचा कंटाळा, अभ्यासातील घसरण, चेहऱ्यावरील भाव मावळणे ही मूक लक्षणे आधीपासून आलेली असतात आणि ‘हल्ली आळशी झालाय’ या एका वाक्यात ती वाहून जातात. आम्हा बालरोगतज्ज्ञांकडे पंधरा-सोळा वर्षांची मुले अजून येत असतात. म्हणून ही मूक लक्षणे प्रथम ओळखण्याची संधी पुष्कळदा आम्हालाच असते. उपचार जितका लवकर सुरू होईल तितका पुढील मार्ग सुकर होतो.

‘देवराई’चे खरे मोल मात्र सीनाच्या चित्रणात आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकापासून केलेल्या संशोधनातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. रुग्णालयातून घरी परतलेला स्किझोफ्रेनियाचा रुग्ण पुन्हा आजारी पडेल की नाही, हे घरातील वातावरणाशीही निगडित असते. सतत टीका, उघड राग, त्याचप्रमाणे जीव गुदमरविणारी अतिकाळजी असलेल्या घरांत आजार उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले. याचा अर्थ घर दोषी आहे असा मुळीच नव्हे. घरालाही विश्रांती, माहिती आणि आधार यांची मात्रा लागते, एवढाच त्याचा अर्थ. सीना चिडते, रडते, भावाला जवळ घेते आणि पुन्हा चिडते. शुश्रूषा करणाऱ्याला थकण्याचा अधिकार आहे, हे मराठी पडद्यावर इतक्या स्पष्टपणे क्वचितच आले असेल.

‘नितळ’ : एका अक्षराचा घोटाळा

‘नितळ’ (२००६) ची नायिका तरुण डॉक्टर आहे आणि तिच्या अंगावर पांढरे डाग आहेत. तिचे शिक्षण, बुद्धी, स्वभाव यांविषयी कोणाचीच तक्रार नाही. प्रश्न उभा राहतो तो लग्नाच्या वेळी. सुशिक्षित घरातील एकेक माणूस मनातल्या मनात कसा अडखळतो, याचे चित्रण देविका दफ्तरदार यांच्या संयत अभिनयामुळे आजही ताजे वाटते.

या विषयात माळव्यातील मराठी माणसांची एक खास अडचण आहे. आपण घरात मराठी आणि बाजारात हिंदी बोलतो. मराठीत ‘कोड’ म्हणजे पांढरे डाग. हिंदीत ‘कोढ़’ म्हणजे कुष्ठरोग. दोन्ही शब्दांचे मूळ संस्कृत ‘कुष्ठ’ हेच, पण अर्थ वेगळे झाले. त्यामुळे मराठी आजीने शेजारणीपाशी सहज उच्चारलेला शब्द गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत भलताच रोग होऊन बसतो. एका अक्षराच्या या घोटाळ्याने किती मुलींच्या वाट्याला विनाकारण दुःख आले असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

वैद्यकीय वस्तुस्थिती अशी : त्वचेला रंग देणाऱ्या पेशी शरीराचीच प्रतिकारयंत्रणा नष्ट करते, म्हणून डाग पडतात. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. मासे आणि दूध एकत्र घेतल्याने तो होत नाही. डागावरील संवेदना शाबूत असते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर ती बहुधा कमी झालेली असते. सुमारे निम्म्या रुग्णांत सुरुवात वयाच्या विसाव्या वर्षापूर्वीच होते, म्हणून हाही बालरोगतज्ज्ञाच्या अंगणातला विषय आहे. मलमे आणि विशिष्ट तरंगलांबीची अतिनील किरणे यांचा पुष्कळांना उपयोग होतो. रुक्सोलिटिनिब या औषधाच्या मलमाला २०२२ मध्ये अमेरिकेत बारा वर्षांवरील रुग्णांसाठी मान्यताही मिळाली. उपचार अवश्य करावेत. परंतु डाग गेल्याशिवाय मुलीचे आयुष्य सुरू होणार नाही, असे जे घर ठरवून बसते, त्या घरालाच आधी ‘नितळ’ दाखवावा.

‘अस्तु’ : वडिलांची आई होणे

‘अस्तु’ (२०१३) हा माझ्या मते सुमित्राबाईंचा सर्वांत परिपक्व चित्रपट. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक डॉ. चक्रपाणी शास्त्री यांना अल्झायमरचा स्मृतिभ्रंश झाला आहे. मुलगी इरा त्यांना मोटारीत बसवून क्षणभर दूर जाते. रस्त्यावरून जाणारा हत्ती पाहून शास्त्रीबुवा मोटारीतून उतरतात आणि त्याच्या मागोमाग चालू लागतात. पुढे ते माहुताच्या पालावर जाऊन पोहोचतात. माहुताची बायको चन्नम्मा कन्नड बोलणारी, निरक्षर, गरीब. हा म्हातारा कोण, कोठला, तिला काही ठाऊक नाही. पण तो लेकरासारखा झाला आहे, हे तिला पाहताक्षणी कळते आणि ती त्याला लेकरासारखे वागविते. शास्त्रीबुवांच्या भूमिकेत डॉ. मोहन आगाशे आहेत. चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना आणि संवादलेखनासाठी सुमित्राबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

जर्मन डॉक्टर अलॉईस अल्झायमर यांनी १९०६ साली या रोगाची पहिली रुग्णकथा मांडली. मेंदूतील नव्या आठवणी घडविणारा भाग यात प्रथम बाधित होतो. म्हणून सकाळी जेवलो की नाही हे आठवत नाही, पण बालपणी घोकलेले श्लोक मुखोद्गत असतात. ‘सोयीचे तेवढे बरे आठवते!’ हा घरच्यांचा आरोप याच अज्ञानातून येतो. शास्त्रीबुवांच्या तोंडी संस्कृत वचने सहज येतात आणि स्वतःच्या मुलीला मात्र ते ओळखत नाहीत, हा चित्रपटातील विरोधाभास नाट्यासाठी रचलेला नाही. मेंदूशास्त्राला धरून आहे. अलीकडे लेकॅनेमॅबसारखी औषधे आली, २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला पूर्ण मान्यता मिळाली. पण ती रोगाची गती काहीशी मंदावतात, गेलेली स्मृती परत आणीत नाहीत. त्यामुळे या रोगात शुश्रूषा हाच आजही मुख्य उपचार आहे.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला ‘अस्तु’ने विशेष विचारात पाडले. आमचा रुग्ण स्वतः बोलत नाही. त्याची कथा आई सांगते, औषध आई देते, बरा होतोय की नाही हे आईच्या चेहऱ्यावर आधी दिसते. अर्धा उपचार सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या हाती आहे, हे बालरोगशास्त्रात पहिल्याच दिवशी शिकावे लागते. इतर शाखांमध्ये मात्र मोठ्या माणसाचा आजार हा त्याचा एकट्याचा मानला जातो. चन्नम्मा हा भेद पुसून टाकते. इरा सुशिक्षित आहे, वडिलांवर तिचे निरतिशय प्रेम आहे; पण तिला हवे आहेत पूर्वीचे वडील. चन्नम्माला पूर्वीचे काही ठाऊकच नसल्यामुळे ती समोर आहे त्या माणसाला स्वीकारते. या दोघींतील कोणती बरोबर, असा निवाडा दिग्दर्शिका देत नाही. इराचे दुःख खरे आहे आणि चन्नम्माचे शहाणपणही खरे आहे.

‘कासव’ : न विचारण्याचे औषध

‘कासव’मध्ये जीव देण्याचा प्रयत्न केलेला एक तरुण जानकी नावाच्या स्त्रीला वाटेत भेटतो. ती स्वतः नैराश्यातून सावरत आहे. समुद्री कासवांच्या संवर्धनाचे काम पाहण्यासाठी कोकणात चाललेली जानकी त्याला आपल्यासोबत नेते, घरात ठेवते. त्याचे नाव-गावही खोदून विचारीत नाही. इरावती हर्षे, आलोक राजवाडे, किशोर कदम आणि डॉ. आगाशे यांनी हा संथ, शांत चित्रपट तोलून धरला आहे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी किनाऱ्यावर वाळूत अंडी घालून समुद्रात परत जाते. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात आणि आपल्या पायांनी पाण्याकडे चालत जातात. कासवमित्र अंडी राखतात, कुत्री-कोल्हे हाकलतात. पण पिल्लाला उचलून पाण्यात टाकीत नाहीत. त्याने स्वतः चालायचे, आपण वाट निर्धोक ठेवायची, हे रूपक डोळ्यांसमोर घडते आणि त्याला भाष्याची गरज उरत नाही.

येथे एक वैद्यकीय स्पष्टीकरण आवश्यक आहे. जानकी प्रश्न विचारीत नाही याचा अर्थ आपणही विचारू नये, असा कोणी घेऊ नये. ती विचारीत नाही ते नाव, गाव, मार्क, कारण. म्हणजे ज्यांची उत्तरे देताना तरुण पोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहते ते प्रश्न. ‘जीव नकोसा होतो का? काही करून घ्यावेसे वाटते का?’ हा प्रश्न मात्र डॉक्टरांनी शांतपणे, स्पष्टपणे विचारलाच पाहिजे. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले याने ओझे हलके होते. कायद्यानेही या विषयात पाऊल पुढे टाकले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा चालू आहे. हा क्रमांक प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लसीकरणाच्या तक्त्याशेजारी असावा.

आपल्याकडे दहावी-बारावीनंतर स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीसाठी मुले इंदूरला किंवा कोट्याला पाठविली जातात. घरापासून प्रथमच दूर गेलेले ते मूल रविवारी फोनवर ‘बरे आहे’ म्हणते. ‘किती मार्क?’ या प्रश्नाच्या आधी ‘झोप लागते का?’ हा प्रश्न विचारला गेला, तरी पुष्कळ काही टळू शकेल.

याच संदर्भात ‘दहावी फ’ (२००२) ची आठवण येते. गुणांनुसार तुकड्या पाडणाऱ्या शाळेत ‘फ’ तुकडीतील मुलांना त्या एका अक्षराने डागलेले असते. अपमानातून त्यांच्या हातून मोडतोड होते आणि देशमुख सर, म्हणजे अतुल कुलकर्णी, शिक्षा देण्याऐवजी ते नुकसान कष्टाने भरून देण्याची वाट मुलांना दाखवितात. या मुलांना कोणताही रोग नाही. तरीही हा चित्रपट मी वैद्यकीय चित्रपटांत धरतो. कारण लेबल लावण्याची सवय शाळेइतकीच आपल्याही व्यवसायाला आहे.

‘वास्तुपुरुष’ आणि ‘दिठी’

‘वास्तुपुरुष’ (२००२) चा नायक डॉक्टर आहे. मोठा सन्मान मिळाल्यानंतर तो गावातील आपल्या जुन्या वाड्यात येतो आणि स्वातंत्र्यानंतर जमीन-वतने गेलेल्या घराची कथा त्याच्या आठवणींतून उलगडत जाते. घरातील पुरुष पुरलेले धन शोधण्यात गुंतलेले. आईची मात्र एकच आकांक्षा, की मुलाने डॉक्टर होऊन गरिबांची सेवा करावी आणि पूर्वजांच्या अन्यायाचे ऋण फेडावे. उत्तरा बावकर यांनी साकारलेली ही आई मराठी चित्रपटातील थोर व्यक्तिरेखांपैकी एक आहे. संस्थानी काळाच्या खुणा बाळगणाऱ्या धार-देवासच्या मराठी घरांना तो वाडा परका वाटणार नाही. गेलेल्या वैभवाच्या गोष्टी सांगत बसायचे की शिक्षणाच्या बळावर कोणाच्या तरी उपयोगी पडायचे, हा प्रश्न आपल्याही आजोबा-पणजोबांपुढे होता.

‘दिठी’ हा सुमित्राबाईंनी एकट्याने दिग्दर्शित केलेला चित्रपट त्यांच्या निधनानंतर, मे २०२१ मध्ये प्रेक्षकांपुढे आला. दि. बा. मोकाशी यांच्या विख्यात कथेवर तो आधारित आहे. वारकरी असलेल्या रामजी लोहाराचा तरुण मुलगा पाण्यात बुडून गेला आहे. आयुष्यभर ऐकलेले संतवचन त्या दुःखापुढे निरुपयोगी वाटू लागते. अशा वेळी गावातील एक गाय अडते आणि तिला सोडविण्यासाठी रामजीला बोलावणे येते. किशोर कदम यांच्या हातांकडे त्या प्रसंगात पाहावे. दुःखाने बधिर झालेला माणूस अडलेल्या जिवापुढे उभा राहतो आणि त्याचे हात त्यांचे काम ओळखतात. नवजात अर्भकाचा पहिला श्वास ऐकण्यासाठी प्रसूतिगृहात ज्याने रात्री काढल्या आहेत, त्याला या प्रसंगाविषयी काही समजावून सांगावे लागत नाही.

मर्यादा आणि मोल

आदराने लिहिताना मर्यादा झाकू नयेत. सुमित्राबाईंच्या काही चित्रपटांत, विशेषतः आजाराची माहिती देण्याच्या ओघात, पात्रे बोलण्याऐवजी समजावू लागतात. गती संथ आहे. गाणी-नाचांची सवय असलेल्या प्रेक्षकाला पहिला अर्धा तास कठीण जातो. त्यांची बरीचशी माणसे शहरी, सुशिक्षित आणि बऱ्यापैकी सुस्थितीतील आहेत. ज्या घरात औषधाचा खर्चच परवडत नाही, तेथील प्रश्न आणखी वेगळे असतात. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. हिंदी चित्रपटाने मनोरुग्णाला बहुधा विनोदासाठी किंवा भीतीसाठी वापरले. असाध्य रोग नायकाला अश्रूंच्या लाटेवर मोठे करण्यासाठी वापरला. सुमित्राबाईंनी रोगाला त्याच्या खऱ्या आकारात ठेवले. त्यांच्या चित्रपटांत चमत्काराने कोणी बरे होत नाही. शेषचा आजार संपत नाही, शास्त्रीबुवांची स्मृती परतत नाही. आजारासह जगण्याची एखादी वाट मात्र सापडते. दीर्घकालीन आजारांच्या बाबतीत रुग्णाला देता येण्याजोगे आश्वासन नेमके एवढेच असते.

मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक, अभिनेते आणि एके काळी पुण्याच्या चित्रपट संस्थेचे संचालक असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांनी या चित्रपटांचा उपयोग शिक्षणासाठी करावा, असा आग्रह धरला आहे. खेळानंतर प्रेक्षकांशी चर्चा, ही त्यांची पद्धत आपल्यालाही अनुसरता येईल. आपल्या संस्थेने वर्षातून चार संध्याकाळी चार चित्रपट दाखवावेत, अशी माझी सूचना आहे. प्रथम ‘दहावी फ’, पालक आणि शिक्षकांसाठी. मग ‘नितळ’, लग्नाच्या वयाच्या मुलामुलींच्या घरांसाठी. तिसरा ‘अस्तु’, ज्यांच्या घरी वृद्ध आहेत त्यांच्यासाठी, म्हणजे जवळजवळ सर्वांसाठी. आणि शेवटी ‘कासव’, मुलांसोबत बसून पाहण्यासाठी. ‘देवराई’ आपण डॉक्टरांनी स्वतंत्रपणे पाहावा. चर्चेत डॉक्टरांनी कमी बोलावे. शुश्रूषा करणारी एखादी गृहिणी, एखादा मुलगा, एखादी सून बोलू लागली की तिला पुरेसा वेळ द्यावा.

आपला मराठी समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेला आहे. सर्वांची घरे सर्वांना ठाऊक आहेत. या जिव्हाळ्याचे सुख मोठे आहे. त्याची दुसरी बाजू अशी की, ‘लोक काय म्हणतील’ या भीतीची मुळेही येथे खोल गेलेली आहेत. मनाचा आजार, त्वचेवरचा डाग, वृद्धाचे विस्मरण या गोष्टी घराच्या आतल्या खोलीत ठेवल्या जातात आणि लग्नकार्ये आटोपेपर्यंत उपचार पुढे ढकलले जातात. मधली जी वर्षे वाया जातात, ती कोणतेही औषध परत देऊ शकत नाही. सुमित्रा भावे यांनी त्या आतल्या खोलीचे दार हलक्या हाताने उघडले, दिवा लावला आणि आतील माणसाशी माणसासारखे बोलता येते हे दाखवून दिले. त्यांचे चित्रपट आता घरबसल्या पाहता येतात. आपल्या दवाखान्यात येणाऱ्या रुग्णासोबत जो कोणी आलेला असतो, त्यालाही ‘आणि तुम्ही कसे आहात?’ असे विचारण्याची सवय त्यांतून आपल्याला लागली, तर या दिग्दर्शिकेचे स्मरण सार्थकी लागले असे मी समजेन.